गायब होणारी बाई, साडीतले साळुंके

1896 साली पॅरिसजवळ जॉर्ज मेलिएस या जादूगार-चित्रपटकारानं जान द'आल्सी या नटीला खुर्चीवर बसवलं, अंगावर कापड टाकलं आणि मध्येच कॅमेरा थांबवला. ती उठून बाजूला झाली. कॅमेरा पुन्हा फिरू लागला, कापड उचललं, खुर्ची रिकामी! रंगमंचावर याच खेळाला चोरदरवाजा लागायचा, इथे तो लागलाच नाही. जादू करणारा पुरुष आणि जिच्यावर जादू होते ती बाई, ही वाटणी मात्र रंगमंचावरून जशीच्या तशी पडद्यावर आली. 1901 च्या त्याच्याच एका ट्रिकपटात तोंडाला काळं फासलेले नट एकमेकांना चापट्या मारतात आणि क्षणात काळ्याचे गोरे, गोऱ्याचे काळे होतात. युक्ती अफलातून आहे. पण एका अख्ख्या समाजाचा रंग हसण्यासाठी वापरलेला बघताना मला आजही त्रास होतो.

त्याच काळात एलिझाबेथ थुइलिए यांच्या पॅरिसमधल्या कार्यशाळेत दोनशेहून जास्त बायका फिल्मची चौकट न् चौकट कुंचल्यानं रंगवत होत्या. एकीनं एकच रंग भरायचा, मग पट्टी पुढचीकडे.

आपल्याकडे अडचण वेगळीच होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) तारामतीसाठी दादासाहेब फाळके नाचगाणं करणाऱ्या बायकांपर्यंत गेले, त्यांनीही नकार दिला. शेवटी खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी. दार उघडलं असं वाटावं, तर 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम झाले अण्णा साळुंकेच आणि सीताही तेच!

म्हणून 1919 चा 'कालिया मर्दन' मला फार मोलाचा वाटतो. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली. सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक हावभाव करून दाखवते, आणि बघता बघता त्याच चेहऱ्यात कृष्ण उमटतो. मुलगी आधी मुलगी म्हणून दिसते, देव नंतर. इथे जादू तिला पुसत नाही.

तिची आई सरस्वतीबाई पडद्यावर कधीच आल्या नाहीत. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड नटांच्या तोंडावर पाडणं, आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सगळं त्यांच्याकडे होतं.