सुटा झालेला घोडा

भाच्याला मोबाईलवर ब्रिटनमधल्या एका जुन्या सोन्याच्या नाण्याचा फोटो दाखवला तर म्हणतो, "मामा, या घोड्याचे पार्ट सुटे झालेत." खरंच झालेत, पाय वेगळे, मान वेगळी, मधे नुसते गोळे. यावरून लोक ठरवून टाकतात की केल्टांना, म्हणजे रोमनांच्या आधी तिथे राहणाऱ्या, ही नाणी पाडणाऱ्या लोकांना, चित्रच येत नव्हतं. अहो, त्यांनीच काशाच्या आरशांच्या पाठीवर कंपासने काय नक्षी काढलीय ती बघा आणि मग बोला!

मूळ नाणं ग्रीक. अलेक्झांडरचा बाप फिलिप दुसरा, त्याचं साधारण साडेआठ ग्रॅमचं स्टेटर नावाचं सोन्याचं नाणं, एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला अपोलो देव, दुसरीकडे दोन घोड्यांचा रथ. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, त्याची नक्कल झाली, मग नकलेची नक्कल, ती समुद्र ओलांडून ब्रिटनला.

आता खरी गंमत. ठशात चित्र उलटं कोरायचं, धातूची चकती ठेवायची, वरून घण. पण इथे ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा, म्हणजे चित्राचा तुकडाच उमटणार. समजा पुढच्या कारागिराला मिळालेल्या नाण्यावर अपोलोचं नाक चकतीबाहेर गेलंय आणि पानं मात्र ठसठशीत आहेत, तर तो पानंच कोरणार, तीही जरा मोठी करून, आणि त्याचंही नाणं पुन्हा अर्धवटच उमटणार. असं होत होत चेहरा गायब, पानांची पट्टी शिल्लक, रथाचं एक चाक घोड्याखाली एकटंच. अर्थात सगळंच चुकून नाही, ब्रिटनीच्या, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या, नाण्यांवर घोड्याला चक्क माणसाचं डोकं आहे!

नाण्यांचा ब्रिटिश अभ्यासक जॉन इव्हान्स याने १८४९ च्या सुमारास, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाआधी दहा वर्षं, ही नाणी बदलत्या चित्राप्रमाणे ओळीत लावली. ओळ उलटी तर लागली नाही ना, हे वजनावरून कळतं, कारण ते उतरत जातं, ब्रिटनमध्ये साडेपाच ग्रॅमच्या आसपास.

दक्षिण जर्मनीत वाटीसारखी केल्टिक नाणी सापडतात, इंद्रधनुष्य टेकतं तिथे ती पडतात अशी समजूत होती. नांगरलेल्या शेतातली माती पावसाने धुतली जाते आणि सोनं चमकतं, बस.

आपल्याकडची, पश्चिम भारतातली जुनी गधैया नाणी याच वाटेने गेली. मूळ नाण्यावर इराणच्या सासानी घराण्याचा राजा पेरोझ, मागे अग्निवेदी. काही शतकांत राजाच्या रेघा आणि वेदीचे ठिपके झाले. भाच्याला तेही दाखवलं. त्याने मोबाईल आडवा केला, उभा केला, शेवटी विचारलं, "यात वरची बाजू कुठली?"