आधी कोटीपोटातल्या जिवांचं जेवण

पावसाळा सरला की गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या गोठ्यांत मुख्य वैरण उरते ती भाताच्या पेंढ्याची. दुभत्या म्हशीपुढे त्याच्याबरोबर पेंड आणि कोंडा पडतो. मांसासाठी वाढवायच्या रेडकाच्या वाट्याला मात्र बहुधा नुसता पेंढाच येतो. पोट भरलेलं दिसतं, पण फासळ्या झाकत नाहीत. त्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची उपासमार होत असते, हे त्याचं खरं कारण.

गाय-म्हशीच्या पोटाला चार कप्पे. त्यातला पहिला, म्हणजे कोटीपोट, मोठ्या जनावरात शंभर लिटरहून अधिक मावेल एवढा असतो. आत प्राणवायू जवळजवळ नाही, तापमान ३९ अंशांच्या आसपास, आणि रसाच्या दर मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू. शिवाय प्रोटोझोआ आणि बुरशी. गवतातलं सेल्युलोज फोडणारं विकर गाईच्या शरीरात तयारच होत नाही, ते या सूक्ष्मजीवांकडे असतं. ते चारा आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही आम्लं बनतात. जनावराची साधारण ७० टक्के ऊर्जा या आम्लांतून येते. पुढे हेच जिवाणू वाहत शेवटच्या कप्प्यात आणि आतड्यात जातात, पचतात आणि जनावराला प्रथिनं मिळतात. जीवशास्त्रात याहून देखणी भागीदारी मला क्वचितच दिसते.

या जिवांना वाढायला नायट्रोजन हवा. आहारात प्रथिनं सुमारे ७ टक्क्यांखाली गेली की त्यांची वाढ मंदावते, चारा आत रेंगाळतो आणि जागा होत नाही म्हणून जनावर कमी खातं. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के, वर लिग्निन (सेल्युलोजला जखडून ठेवणारा कडक, न पचणारा भाग) आणि सिलिका. सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, गवत जुलैत कोवळं असतं, पण ऑक्टोबरात फुलोरा येऊन वाळलं की तेही पेंढ्याच्याच पंक्तीला बसतं. पावसाळी गवताची अडचण वेगळी. त्यात ८० टक्के पाणी. ३०० किलोच्या जनावराला दिवसाला ६ ते ७ किलो कोरडा भाग लागतो. तो नुसत्या ओल्या गवतातून मिळवायचा तर ३० किलोंहून जास्त गवत खावं लागतं.

म्हणून पेंढा टाकून देऊ नये, त्याला जोड द्यावी. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, घेतलेल्या अळसांद्याचे (चवळीचे) वेल शेंगा काढल्यावर बांधावर वाळत पडतात, ते प्रथिनांनी समृद्ध असतात. कुंपणाच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पालाही तसाच. वास उग्र म्हणून गुरं आधी तोंड फिरवतात, पण एक दिवस सुकवून पेंढ्यात मिसळला की हळूहळू खातात. खोबऱ्याच्या पेंडीत प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात. वर्षाच्या आतल्या वासराच्या आहारात १३-१४ टक्के प्रथिनं हवीत. वाढ पुरी होत आली की १०-११ टक्के पुरतात, मग चरबी चढण्यासाठी ऊर्जेकडे जास्त लक्ष द्यावं. काजूच्या बोंडांचा रस काढून उरलेला चोथा ऐन वैरणटंचाईत, मार्च ते मे, मिळतो. त्यात साखर असते, पण टॅनिन हे तुरट द्रव्यही असतं आणि तो पटकन आंबतो. वाळवून, थोडाच, पेंढ्याबरोबर द्यावा.

दुसरा मार्ग युरियाचा. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथरांनी शिंपडायचा, तुडवायचा आणि प्लास्टिकखाली हवाबंद तीन आठवडे ठेवायचा. युरियातून निघालेला अमोनिया लिग्निनची पकड सैल करतो आणि प्रथिनांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. गुरांपुढे घालण्याआधी हा पेंढा तासभर उघड्यावर पसरावा, म्हणजे अमोनियाचा वास उडून जातो. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तो अजिबात देऊ नये. युरियाचं पाणी असलेली बादली गोठ्यात विसरू नये. ते पिऊन जनावर तासाभरात दगावू शकतं.

मीठ आणि खनिज मिश्रण रोज द्यावं, मोठ्या जनावराला मिश्रण ५० ग्रॅमच्या आसपास. पाणी दिवसभर समोर असावं. वाढ नजरेने मोजू नये, टेप लावावी. छातीच्या घेराचा सेंटीमीटरमधला वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले १०८४०. घेर १५० आणि लांबी १२५ असेल तर वजन सुमारे २६० किलो निघतं.

सगळ्यात जास्त काळजी मला जत्रेच्या आणि समाराधनेच्या, म्हणजे देवळातल्या गावजेवणाच्या, दिवसांत वाटते. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून घमेलं भरून गुरांपुढे ठेवला जातो, आणि त्यामागची माया मी समजू शकतो. शिजलेल्या भातातला स्टार्च कोटीपोटात झपाट्याने आंबतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. एरवी ६ ते ७ असणारा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्याही खाली जातो. तंतू पचवणारे जिवाणू मरतात, पोटाचं अस्तर भाजतं, जनावर रवंथ थांबवतं, पातळ शेण टाकतं आणि एक-दोन दिवसांत दगावू शकतं. पेंढा चघळताना सुटणारी लाळ, मोठ्या गाईत दिवसाला शंभर लिटरच्या वर, आपल्या बायकार्बोनेटने हे आम्ल मारत असते. भात चघळावा लागत नाही, त्यामुळे लाळही सुटत नाही. भात, कोंडा, पेंड काहीही वाढवायचं तर दोन-तीन आठवड्यांत, मूठमूठ वाढवावं, आणि आधी पेंढा घालून मगच. जास्त भात खाल्लेलं जनावर सुस्त दिसलं तर संध्याकाळपर्यंत वाट न पाहता पशुवैद्यांना बोलवावं.