आईला तहान लागत नाही

दोन वर्षांपूर्वी नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागून तीन-चार दिवस झाले होते, आणि एका दुपारी आईने बोलणं सोडलं. ताप नाही, उलटी नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात कुलर सुरू, माठ भरलेला, पेला पलंगाशेजारी. एरवी टीव्हीतल्या प्रत्येक सुनेला सल्ला देणारी आई त्या दिवशी हाकेला फक्त "हं" म्हणत होती. मला वाटलं, उन्हाने थकली असेल, पडू द्यावं. संध्याकाळी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली तेव्हा आम्ही धावलो. रक्त तपासलं, सलाईन लागलं. शरीरातलं पाणी कमी झालं होतं.

त्या दिवशी मी तिला पाण्याचं विचारलं नव्हतं असं नाही. चार वेळा विचारलं होतं. चारही वेळा एकच उत्तर: "आताच तर पेली ना, मला तहानच नाही लागून राहिली."

ती खरं बोलत होती.

तहान घशात जाणवत असली तरी ठरते मेंदूत. रक्तातलं पाणी घटून क्षार दाट झाले की मेंदूतल्या काही खास पेशी ते ओळखतात आणि पाणी पिण्याची इच्छा जागी करतात. वय वाढतं तसा हा इशारा मंदावतो. 1984 मध्ये एक साधा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. 67 ते 75 वयाचे निरोगी पुरुष आणि विशीतले-तिशीतले तरुण, दोन्ही गटांना 24 तास पाणी दिलं नाही. रक्त ज्येष्ठांचं जास्त दाट झालं, तरी तहान त्यांनाच कमी लागली. पुढे हवं तेवढं पाणी समोर ठेवलं, तेव्हाही ते तरुणांपेक्षा कमी प्यायले. म्हणजे "तहान लागली की सांग" हे आपण ज्याच्या भरवशावर म्हणतो, ती यंत्रणाच थकलेली असते.

त्यात साठाही कमी. तरुण शरीरात वजनाच्या साधारण 60 टक्के पाणी असतं. उतारवयात ते 50 टक्क्यांच्या आसपास येतं, कारण पाणी धरून ठेवणारे स्नायू झिजतात. किडनीही लघवी पूर्वीइतकी दाट करू शकत नाही, म्हणून पाणी कमी असतानाही ते बाहेर जातच राहतं. आणि हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालं का बघण्याची घरगुती रीत म्हाताऱ्या माणसांत फसवते. त्यांची कातडी तशीही सैल झालेली असते.

नागपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको. 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा हवेत शरीराकडे थंड होण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. आपला कुलरही तेच करतो. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढी द्यायला हजार वॉटच्या हीटरला चाळीस मिनिटं लागतील. पण उतारवयात घामाच्या ग्रंथी कमी घाम सोडतात आणि कातडीकडे रक्तही कमी धावतं. म्हणून नुसता पंखा पुरत नाही. हवा 40 अंशांच्या वर असेल तर तो अंगावर झळाच फेकतो. घाम येत नसेल तर पाणी बाहेरून द्यायचं: मानेवर, हातांवर, पायांवर ओला पंचा फिरवायचा आणि मग हवा लागू द्यायची. कुलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. जूनच्या मध्यावर, पहिल्या सरी येऊन चिपचिप सुरू झाली की कुलर जवळपास निकामी होतो. पारा उतरला म्हणून आपण तेव्हा निर्धास्त होतो, आणि मला ते दिवस नवतप्याइतकेच धोक्याचे वाटतात.

गोळ्यांकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं. आईच्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी होती. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, तिच्याबरोबर पाणीही जातं. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनी घाम कमी होतो. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, पण मार्चअखेरीस सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना एकदा दाखवाव्यात. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती द्यायचं हेही त्यांनीच ठरवायचं.

आणि ते गप्प होणं. पाणी कमी पडलं, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, की म्हाताऱ्या मेंदूचा तोल काही तासांत जातो. कोणी बरळतं, पण बरेच जण आईसारखे नुसते गप्प होतात, झोपून राहतात. घरच्यांना वाटतं, वय झालं. वय एका दुपारीत होत नाही. अचानक आलेला गोंधळ हा आजारच समजावा. त्यात अंग तापलेलं असेल तर उष्माघात धरून चालायचं: 108 ला फोन, गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालणं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही. तापाची गोळी इथे कामाची नाही.

आता मी विचारत नाही, देते. उठल्यावर, गोळ्यांबरोबर, अंघोळीनंतर, टीव्ही लागला की. कधी ताक, कधी पन्हं, सकाळी ज्वारीची अंबील. युरोपातले पोषणतज्ज्ञ वयस्क स्त्रियांना दिवसाला किमान 1.6 लिटर आणि पुरुषांना 2 लिटर पेय सांगतात. तो हिशेब तिकडच्या हवेचा आहे, आपल्या मे महिन्याला त्याहून जास्तच लागणार.

तरी संध्याकाळचा पेला तसाच राहायचा. कारण कळायला मला महिना लागला. रात्री लघवीला उठावं लागेल, अंधारात पाय घसरेल, म्हणून ती पाच वाजल्यानंतर घोटभरच प्यायची. तिची भीती खोटी नव्हती. उतारवयात लघवी रात्रीच जास्त तयार होते, आणि झोपेतून पटकन उठलं की रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. मग आम्ही पाण्याचा मोठा वाटा दुपारी चारच्या आत आणला. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला, भिंतीला धरायला दांडा बसवला. उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, हे तिला पाठ झालं. दांडा बसवला त्याच आठवड्यात तिने जेवणानंतर स्वतःहून पाणी मागितलं.