मुठेचा पूर: धरणफुटीची आठवण आणि पात्राचा हिशोब

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या वेळी खडकवासला धरणातून मुठेत सोडलेला विसर्ग होता सुमारे ३५ हजार क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट). पूररेषा म्हणजे ठराविक विसर्गाला पाणी कुठवर येईल याची नकाशावरची खूण; मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेकला आखली आहे आणि लाल रेषा १ लाखाला. एकतानगरीतल्या अनेक इमारती निळ्या रेषेच्या आतच आहेत, त्यामुळे तिथे कधीतरी पाणी येणार हे नकाशा आधीपासून सांगत होता. पण निळ्या रेषेच्या निम्म्याहून जरा जास्त विसर्गातच लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. असं का झालं, हे समजायला ६० वर्षं मागे जावं लागतं.

पुण्यात पूर म्हटलं की १९६१ मध्ये फुटलेलं पानशेत धरणच आठवतं. हे साहजिक असलं तरी त्यातून एक गैरसमज घट्ट बसला आहे: पूर म्हणजे धरण फुटणं. एरवीचा पूर म्हणजे सोडलेलं पाणी आणि नदीला उरलेली जागा यांचं गणित, हे शहराच्या डोक्यात कधी नीट शिरलंच नाही.

खडकवासल्याचं मूळ धरण ब्रिटिश काळातलं. १८६९ ते १८७९ या काळात दगडी चिरेबंदीत ते बांधलं गेलं आणि ज्यांच्या योजनेतून ते उभं राहिलं त्या लष्करी अभियंता फाइफ यांच्यावरून जलाशयाला लेक फाइफ म्हणत. पुणे आणि खडकी छावणीचं पिण्याचं पाणी आणि कालव्यावरची शेती, दोन्ही त्यावरच चाले. स्वातंत्र्यानंतर मागणी वाढली तसं वरच्या अंगाला, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेतचं मातीचं धरण हाती घेतलं गेलं.

मातीच्या धरणात पाणी सोडायला भरावाच्या पोटातून मोरी काढतात. सरकारी कागदात तिला विमोचक म्हणतात. १९६१ चा पावसाळा तोंडावर आला तेव्हा ही मोरी आणि तिची दारं यांचं काम अपूर्ण होतं, पण धरणात पाणी अडवायला सुरुवात झालेली होती. अर्धवट उघड्या दारांतून पाणी सुसाट आणि हादरे देत जात राहिलं. मोरीचं बांधकाम खिळखिळं झालं आणि वरची माती बसू लागली. धरणाचा माथा जिथे खचतो तिथे जलाशयाची पातळी आणि माथा यांतलं अंतर कमी होत जातं. मातीच्या धरणावरून एकदा का पाणी वाहू लागलं की ते स्वतःबरोबर भराव घेऊन जातं आणि भगदाड मिनिटामिनिटाला रुंदावतं. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान वाळूच्या पोत्यांनी तो खचलेला भाग वर उचलत होते. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं.

आता खालचं खडकवासला पाहा. आजच्या मोजमापाने पानशेतची क्षमता १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि खडकवासल्याची १.९७. त्या दिवशी पानशेत काठोकाठ भरलेलं नव्हतं, तरीही वरून आलेलं पाणी खडकवासल्यात मावण्याचा प्रश्नच नव्हता. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं तरी ते मातीसारखं लगेच वाहून जात नाही. खडकवासल्याने काही तास तग धरला आणि मग तेही गेलं. शहरावर त्यामुळे एकामागोमाग दोन लाटा आल्या आणि पहिलं पाणी बघायला नदीवर गेलेले लोक दुसऱ्या लाटेच्या वाटेत होते.

लकडी पूल पाण्याखाली गेला. डेक्कन, पुलाची वाडी, नारायण आणि शनिवार पेठ, कसब्याचा नदीकडचा उतार, सोमवार-मंगळवार पेठेचा सखल भाग सगळा बुडाला. नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळालाही पाण्याने वेढलं. पेठांतले वाडे बहुतेक एका धाटणीचे होते: जोतं दगडी, वर लाकडी सांगाडा, भिंती विटांच्या आणि बरेचदा विटांमध्ये चुन्याऐवजी माती. अशी भिंत पाण्यात उभी असताना एक वेळ टिकते, कारण दोन्ही बाजूंनी पाण्याचा दाब असतो. पाणी ओसरू लागलं की बाहेरचा आधार जातो, आतली माती लापशीसारखी झालेली असते आणि भिंत खाली बसते. म्हणून पाणी उतरल्यावरही घरं पडत राहिली. पूर ओसरल्यावर ओल्या मातीच्या घरात लगेच शिरू नये, असं जाणते सांगतात ते याच कारणाने.

दुसरी गंमत (गंमत कसली, हालच) म्हणजे इतक्या पाण्यानंतर शहरात प्यायला पाणी नव्हतं. खडकवासलाच गेल्यामुळे कालवा आणि नळ कोरडे पडले. लोक वाड्यांतल्या विहिरींकडे आणि पेशवाईतल्या कात्रज पाणीयोजनेच्या हौदांकडे वळले. तेव्हा हौद अजून बुजवलेले नव्हते म्हणून निभावलं. आज ती सोय जवळपास संपली आहे.

पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे आलं. अर्धगोल पत्र्याच्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या आणि पुढे गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती वाढल्या. चौकशी आयोग आधी न्यायमूर्ती बावडेकरांचा होता. काम अर्धवट असतानाच त्यांनी आयुष्य संपवलं आणि चौकशी न्यायमूर्ती नाईकांकडे गेली. चौकशीचा रोख धरणाच्या बांधकामावर आणि घाईवर राहिला, तो योग्यच होता. पण नदीकाठ रिकामा ठेवण्याचा विचार त्या निमित्ताने व्हायला हवा होता, तो झाला नाही. लोकांना उंचावर घरं मिळाली आणि मागे राहिलेला काठ हळूहळू पुन्हा भरत गेला.

पुढच्या काळात खडकवासला नव्याने बांधलं गेलं, पानशेतही झालं. त्यात मोसे नदीवरचं वरसगाव (१२.८२ टीएमसी) आणि मुठेवरचं टेमघर (३.७१) यांची भर पडली. चारही धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी, पण वरच्या तिन्हींचं पाणी शेवटी खडकवासल्यातूनच जातं आणि हे शेवटचं धरण सगळ्यांत लहान. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफूट, सुमारे १० लाख लिटर. या वेगाने पाणी येत राहिलं तर रिकामं खडकवासला १६ तासांच्या आत भरतं. जुलैअखेर ते रिकामं नसतंच, त्यामुळे हाताशी असतात मोजके तास. "रात्री का सोडलं, दिवसा सोडायचं होतं" या तक्रारीत तथ्य आहे, पण ते फक्त आदल्या दिवसापुरतं: अंदाज पाहून दिवसाउजेडी जागा करून ठेवता येते. पाणी येऊन ठेपल्यावर ते थोपवून धरायला खडकवासल्यात जागाच नसते. २५ जुलैला वरसगावच्या पाणलोटातल्या लवासा परिसरात २४ तासांत ४५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता.

आता पात्राकडे येऊ. नदी ठराविक पाणी वाहून नेते ते तीन गोष्टींच्या जोरावर: पात्राची रुंदी, खोली आणि वेग. यातलं एक कमी केलं की तेच पाणी जास्त उंचीवरून वाहतं. मुठेत तिन्ही कमी झालं. काठावर राडारोडा टाकून भराव झाले, पाडलेल्या बांधकामाचे ट्रक रात्री नदीत रिकामे होणं ही जुनीच गोष्ट. पात्रात रस्ता आला. विठ्ठलवाडीपासून बाह्यवळणाकडे जाणाऱ्या नदीकाठच्या रस्त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निळ्या रेषेच्या मुद्द्यावरून २०१३ मध्ये आदेश दिला. पुढे वनाज-रामवाडी मेट्रोचे खांब डेक्कनजवळ पात्राच्या कडेने आले. त्यातला प्रत्येक प्रकल्प स्वतःपुरता हिशोब मांडून "पातळीत नगण्य वाढ" दाखवतो. तसं एका प्रकल्पापुरतं खरंही असेल. दहा नगण्य वाढींची बेरीज मात्र कुठल्याच अहवालात नसते, आणि माझ्या मते एकतानगरीचं उत्तर इथेच आहे.

संगमावर मुळेचं पाणी ही आणखी एक अडचण. मुळेत पवना आणि मुळशीकडचं पाणी येतं. दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या की मुळा मुठेला पुढे सरकू देत नाही आणि मुठेची पातळी मागे चढते. त्यामुळे पाटील इस्टेटच्या वस्तीत पाणी येईल की नाही, हे एकट्या खडकवासल्याच्या आकड्यावरून सांगता येत नाही. संगमाच्या काठावर १८५४ मध्ये सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय (आता सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि त्याचा बोट क्लब आहे. तिथली पातळी म्हणजे दोन्ही नद्यांची एकत्रित हालहवाल.

ओढ्यांची कथा वेगळी. आंबिल ओढा पूर्वी जुन्या गावाच्या अंगाने वाहत होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याला वळवून पर्वतीखाली तळं केलं गेलं आणि ओढा पश्चिमेकडून मुठेला मिळाला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला, २० हून अधिक माणसं गेली. तेव्हा धरणातल्या विसर्गाचा त्याच्याशी संबंध नव्हता. कात्रजच्या डोंगरउतारावर थोड्या वेळात झालेला पाऊस आणि भिंती घालून अरुंद केलेला ओढा, बस. ओढ्याला इशाऱ्याचा संदेश येत नाही. धरणाच्या पाण्याला तासांची सवड असते, ओढ्याला मिनिटांची.

या शहराची खरी गोची तिथे राहणाऱ्यांच्या वयाशी जोडलेली आहे. दरवर्षी जून-जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, हजारो मुलं नव्याने पुण्यात येतात. फर्ग्युसन टेकडीच्या पायथ्याला उंचावर आहे, त्याला मुठेची भीती नाही. पण स्वस्तातली कॉट बेसिसची खोली पुलाच्या वाडीत, नारायण पेठेत किंवा सिंहगड रस्त्याच्या तळमजल्यावर मिळते आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका पेठांत तळघरातही चालतात. सांगलीची माणसं आयर्विन पुलावरच्या कृष्णेच्या पातळीचे फूट तोंडपाठ सांगतात. पुण्यात दोन वर्षांसाठी आलेल्या मुलाला क्युसेकचा अर्थ कोणी सांगत नाही.

तो अर्थ ढोबळपणे असा. विसर्ग वाढायला लागला की आधी नदीपात्रातला रस्ता बंद होतो. साधारण २० हजारांच्या आसपास बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. तो पूल मुळात बुडण्यासाठीच बुटका बांधलेला आहे, त्यामुळे त्याचा फोटो पाहून घाबरायचं कारण नाही. ३५ हजारांच्या घरात गेल्यावर एकतानगरी, विठ्ठलवाडी आणि पुलाची वाडी यांची पाळी येते. ऑगस्ट २०१९ मध्ये विसर्ग ४५ हजारांवर गेला होता. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावर लवकर आणि मध्य शहरात काही तासांनी पोचतं, म्हणून विसर्गाच्या इशाऱ्याच्या संदेशातला आकडा आणि त्यापुढची वेळ दोन्ही वाचायची. शिवाय शहरात पडणारा पाऊस त्या आकड्यात धरलेला नसतो.

पाणी बहुतेक वेळा फाटकातून येत नाही. सोसायटीची पावसाळी गटारं नदीत उतरतात. नदीची पातळी त्यांच्या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटं फिरतं आणि पार्किंगमधल्या चेंबरच्या झाकणातून वर येतं. नदीकडची भिंत कोरडी असताना आवारात घोटाभर पाणी दिसलं तर समजावं, गटार उलटलं आहे. अशा गटाराच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप लागते, आणि तिच्यात प्लॅस्टिक अडकून ती उघडीच राहिली नाही ना, हे मे महिन्यात पाहावं लागतं.

सगळ्यांत घातक वीज. २५ जुलै २०२४ लाच डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. वेग आणि खोली यांपैकी काहीही त्याला जबाबदार नव्हतं. तळमजल्यावरचे मीटर, पंप आणि लिफ्टचा खड्डा पाण्यात जाण्याआधी मुख्य स्विच पाडायचा, आणि पाणी आधीच शिरलं असेल तर त्या बोर्डाला हात न लावता वीज कंपनीकडून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यायचा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करून ठेवायची, नाहीतर ती आपोआप खाली येऊन पाण्यात बसू शकते. ओसरल्यावर जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून घासल्याशिवाय त्यातलं पाणी वर चढवू नये, कारण गटारातून उलटलेलं पाणी त्याच टाकीत उतरलेलं असतं.

खोली किंवा घर घेताना तपासायची गोष्ट एकच. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर निळी आणि लाल रेषा दाखवलेली असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लालच्या मधे अटींसह परवानगी. दलाल "इथे कधी पाणी आलं नाही" म्हणाला तर त्याला वर्ष आणि विसर्ग विचारावा.