बाल्ड नॉबर्स

अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या नैऋत्येकडील ओझार्क डोंगराळ भागात 1880 च्या दशकात कायदा हाती घेणारी संघटना. टॅनी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) ती सुरू झाली व पुढे शेजारच्या ख्रिश्चन आणि डग्लस काउंट्यांत पसरली. ओझार्कमधील काही टेकड्यांच्या माथ्यावर झाड नसते. अशाच एका बोडक्या टेकडीवर, कर्बीव्हिलजवळच्या स्नॅप्स बाल्डवर, 5 एप्रिल 1885 रोजी सुमारे शंभर माणसे जमली आणि टेकडीवरून संघटनेला नाव पडले; इंग्रजीत ‘बाल्ड नॉब’ म्हणजे बोडकी टेकडी. उघडा माथा निवडण्यामागे व्यवहार होता : चोरून ऐकायला येणारा लांबूनच दिसे.

यादवी युद्धात मिसूरीत शेजारी शेजाऱ्यावर उठला होता. युद्ध 1865 मध्ये संपले, वैर मिटले नाही. कोर्टातले ज्यूरी आरोपीच्या नात्यागोत्यातलेच असत, त्यामुळे खुनाचा आरोप असलेला माणूस सहज सुटे. फोर्साइथ या काउंटीच्या मुख्य गावी 1883 मध्ये अल लेटनने जिम एव्हरेट या व्यापाऱ्याला गोळी घालून ठार केले व लेटन निर्दोष सुटला. व्यापारी आणि नव्याने स्थायिक झालेले लोक यावरून संतापले. त्याच वर्षी स्प्रिंगफील्डहून येथे राहायला आलेला नॅट किनी त्यांचा पुढारी झाला. तो साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, धिप्पाड गडी होता. पूर्वी दारूचा गुत्ता चालवलेला हा माणूस इथे रविवारी धर्मशिक्षणाची शाळा भरवू लागला.

संघटनेचा पहिला मोठा दणका महिन्याच्या आतच बसला. फ्रँक टेलर याचे डिकन्सन नावाच्या दुकानदाराशी उधारीवरून भांडण झाले. त्याने व त्याचा भाऊ ट्यूबल याने दुकानदारावर व त्याच्या बायकोवर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले. टेलर बंधू कैदेत असताना जमावाने फोर्साइथचा तुरुंग फोडला, त्यांना बाहेर ओढले आणि ओकच्या झाडाला टांगले. म्हणजे ज्या गुन्ह्यात कोणी मेलेच नव्हते, त्याची शिक्षा मृत्यू ठरली. त्यानंतर कित्येकांच्या दारात छड्यांची मोळी दिसू लागली. गाव सोडा, नाहीतर फटके खा, एवढा तिचा अर्थ. काउंटीच्या कचेरीवर कोणाचा ताबा असावा, हा वादही या सगळ्यात मिसळला होता. निव्वळ गुन्हेगारीविरुद्धचा लढा म्हणून या प्रकरणाकडे पाहणे भाबडेपणाचे ठरेल.

विरोधकही संघटित झाले. किनीची टर उडवणाऱ्या अँड्र्यू कॉगबर्नला 1886 च्या फेब्रुवारीत शाळेबाहेर किनीनेच गोळी घालून ठार केले व किनी स्वसंरक्षणाच्या सबबीवर सुटला. अखेर राज्यपाल मार्माड्यूक यांनी आपला अधिकारी पाठवला आणि एप्रिलमध्ये टॅनीची संघटना निदान कागदोपत्री बरखास्त झाली.

ख्रिश्चन काउंटीतली शाखा वेगळीच होती. टॅनीत तोंडे झाकण्याची पद्धत नव्हती. इथे काळ्या कापडाचे, शिंगे व गोंडे लावलेले मुखवटे आले. डोळ्यांना आणि तोंडाला भोके, त्यांच्या कडा रंगीत दोऱ्याने शिवलेल्या. डेव्ह वॉकर त्यांचा म्होरक्या. चोरटी दारूविक्री, बायकोला मारहाण, अनैतिक संबंध यांवर हे लोक फटक्यांचा निवाडा करत. 11 मार्च 1887 च्या रात्री त्यांनी एडन्स कुटुंबाच्या झोपडीत घुसून विल्यम एडन्स व चार्ल्स ग्रीन यांना ठार केले. विल्यम त्यांच्यावर उघड टीका करत असे.

या वेळी मात्र खटला उभा राहिला. दरम्यान टॅनीत किनी 20 ऑगस्ट 1888 रोजी फोर्साइथमधील एका दुकानात बिली माइल्सच्या गोळीने मेला. माइल्सही स्वसंरक्षणाच्याच मुद्द्यावर सुटला. एडन्स प्रकरणी डेव्ह वॉकर, त्याचा तरुण मुलगा विल्यम आणि जॉन मॅथ्यूज यांना 10 मे 1889 रोजी ख्रिश्चन काउंटीतील ओझार्क गावी फाशी देण्यात आली. दोरांची लांबी चुकल्याने त्यांचे पाय जमिनीला टेकले आणि विल्यमला पुन्हा वर नेऊन दुसऱ्यांदा फाशी द्यावी लागली.