बाही, बेंबी आणि उरलेली कातडी

नवरात्राला पंधरा दिवस राहिले की बडोद्यातल्या शिंप्यांना मान वर करायला फुरसत नसते. गेल्या वर्षी अशाच गर्दीत जाऊबाईंबरोबर दांडियाबाजारात आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेले होते. दोन वर्षांपूर्वी वजन उतरवण्यासाठी जाऊबाईंचं जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा त्यांचं वजन ११८ किलो होतं, आता ६६ आहे. मधुमेहाच्या दोन गोळ्या बंद झाल्या, तिसऱ्या मजल्यावर चढताना थांबावं लागत नाही. शिंप्यानं दंडाचं माप घेतलं. हात खाली असताना साडेअकरा इंच भरला. मग तो म्हणाला, "आता हात वर करा ताई." हात वर झाला आणि दंडाखालची कातडी झोळीसारखी लोंबली. टेप तिच्याभोवती फिरवली तर पंधरा इंच. बाही कुठल्या मापानं बेतायची, हे त्याला कळेना. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "साडेअकराचीच शिवा. बाकीचं मी आत सरकवून घेईन, रोजचंच आहे."

गेली दोन वर्षं त्या प्रत्येक हळदीकुंकवाला एकच सल्ला ऐकत आल्यात, "चालायला जा गं, आवळेल हळूहळू." आमच्या बडोद्याला व्यायामाचं वेड जुनं आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले व्यायामगुरू प्रो. माणिकराव यांचं नाव इथल्या प्रत्येक मराठी घरात घेतलं जातं, आणि घाम गाळला की शरीर जागेवर येतं, ही श्रद्धाही आमच्यात घट्ट रुजलेली आहे. जाऊबाईंनी वर्षभर चालून पाहिलं, डंबेल्स उचलून पाहिले. एका स्लिमिंग सेंटरनं सहा महिने मलम चोळून आणि यंत्र फिरवून बारा हजार रुपये घेतले. कातडी तसूभर हलली नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून ठरवलं, की ही उरलेली कातडी काढण्याच्या प्लास्टिक सर्जरीबद्दल नीट वाचायचं. वाचल्यावर पहिली गोष्ट त्यांना सांगितली ती ही: जाऊबाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही.

चरबी जाते म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. चरबीच्या पेशी रिकाम्या होतात, पण संपत नाहीत. हे कसं कळलं, ती हकिगत मला फार आवडते. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. अशा चाचण्या थांबवणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरू लागला. हवेतला कार्बन झाडांत गेला, धान्यातून आपल्या पोटात आला आणि नव्यानं जन्मणाऱ्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत जाऊन बसला. म्हणजे प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मवर्षाचा शिक्काच बसला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा शिक्का चरबीच्या पेशींवर वाचला. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. मोठ्या माणसात त्यांची एकूण संख्या बदलत नाही. जठराची शस्त्रक्रिया करून खूप वजन उतरवलेल्यांतही दोन वर्षांनी पेशींचा आकार लहान झाला होता, संख्या मात्र तेवढीच होती.

हाच कार्बनचा शिक्का कातडी सैल का राहते, हे समजायलाही उपयोगी पडला. कातडीच्या आतल्या जाड थरात दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजन दोरखंडासारखं चिवट असतं, ते फाटू देत नाही. इलॅस्टिन ताणून सोडलं की परत जागेवर आणतं. हे इलॅस्टिन शरीर बहुतेक सगळं जन्माआधी आणि बालपणी बनवतं. १९९१ मध्ये फुप्फुसातल्या इलॅस्टिनचं वय कार्बन-१४ वरून काढलं, तर ते सरासरी ७४ वर्षं टिकतं असं निघालं. म्हणजे मिळालं ते आयुष्यभरासाठी. वर्षानुवर्षं ताण पडून ते तुटलं, की चाळिशी-पन्नाशीतलं शरीर त्याच तोडीचं दुसरं विणून देत नाही. खूप वजन उतरलेल्या माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर इलॅस्टिनचे तंतू तुटके आणि कोलॅजनचे बारीक, विस्कटलेले दिसतात. पोटावरच्या पांढऱ्या रेघा या त्याच तुटीच्या वरून दिसणाऱ्या खुणा.

पण नुसतं इलॅस्टिक सैल झालं, एवढंच कारण नाही. कातडी खरोखर वाढलेली असते. ताण पडत राहिला की तिच्या पेशी विभागतात आणि नवी कातडी तयार होते. प्लास्टिक सर्जन याचाच उपयोग करतात. भाजलेल्या माणसाच्या निरोगी कातडीखाली सिलिकॉनची पिशवी ठेवतात, दर आठवड्याला तिच्यात थोडं सलाइन भरतात आणि दोन-तीन महिन्यांत वाढलेली कातडी व्रणाच्या जागी वापरतात. जाऊबाईंच्या शरीरानं वीस वर्षं हेच केलं, फक्त पिशवीच्या जागी चरबी होती. जी कातडी नव्यानं वाढली ती चालून कशी आटेल? व्यायामानं आतला स्नायू भरतो आणि तो भरायलाच हवा, पण जास्तीची कातडी कमी होत नाही. तरुण वयात, थोडं वजन उतरलं असेल, तर ती बरीच मागे येते. पन्नास किलो उतरल्यावर येत नाही. लायपोसक्शनचाही इथे उपयोग नाही. ते चरबी ओढून काढतं, कातडी नाही. रिकाम्या उशीतून आणखी कापूस काढला तर अभ्रा अजूनच चुरगळतो.

दिसण्याचं दुःख खरंच आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्रास तेवढाच नसतो. जाऊबाईंच्या पोटाची घडी मांडीवर येते. बडोद्याच्या मे-जूनमध्ये त्या घडीत घाम साचतो, कातडीला कातडी घासते, ओलाव्यात बुरशी वाढते आणि जागा लाल होऊन चिघळते. दिवसातून दोनदा धुऊन कोरडं करायचं, घडीत मऊ सुती फडकं ठेवायचं, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं. दहा दिवसांनी पुन्हा तेच. चालताना लोंबणारं वजन कमरेला ओढतं ते वेगळंच.

आता शस्त्रक्रियेकडे. वाचता वाचता मला सारखं शिवणकाम आठवत होतं. जास्तीचं कापड आपण टक्स घालून आत घेतो. टक आखूड आणि खोल घेतला तर टोकाला फुगा येतो. कातडीचंही तसंच. म्हणून पोटाचा छेद छोटा ठेवता येत नाही. तो कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो, आणि खूप वजन उतरलेल्यांत पुष्कळदा पाठीमागून पूर्ण फेरा घेतो. कापडाला उभा-आडवा धागा असतो, तसा कातडीलाही असतो. १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँगर या शरीररचनाशास्त्रज्ञानं मृतदेहांच्या कातडीत गोल टोकाच्या आरीनं भोकं पाडली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली, आणि त्यांची दिशा जोडत गेल्यावर अंगभर ताणाच्या रेघांचा नकाशा उमटला. त्या रेघांना धरून दिलेला छेद बारीक भरतो. पोटावर त्या बऱ्याचशा आडव्या आहेत. पण सैलपणा उभा आणि आडवा दोन्हीकडून असेल, तर मधोमध उभा छेदही घ्यावा लागतो, आणि तो कुठल्याही वस्त्राखाली पूर्ण लपत नाही.

बेंबीचं वाचून मी थक्क झाले. ती देठासारखी आत पोटाच्या भिंतीला चिकटलेली असते. सर्जन तिच्याभोवती गोल कापून तिला जागेवरच ठेवतात, वरची कातडी फासळ्यांपर्यंत सोडवतात, खाली ओढून जास्तीची कापतात आणि मग बरोबर बेंबीच्या वर नवं काज पाडून तिला बाहेर काढून टाचतात. सैल पडलेले पोटाचे दोन उभे स्नायूही मध्ये ओढून शिवतात. हे सगळं केलं तर टमी टक. लोंबती घडी तेवढी कापली, स्नायू शिवले नाहीत, बेंबी सरकवली नाही, तर ती वेगळी, लहान शस्त्रक्रिया. दोन्हींना एकच समजून खर्च विचारणारे पुष्कळ भेटतात.

शिवणकामाची उपमा इथपर्यंतच चालते, कारण कापडाला रक्त लागत नाही. आपल्या लोकांना हे फार आधी ठाऊक होतं. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक बसवलं. ती कातडी भुवयांमधल्या एका पट्टीनं जोडलेली ठेवली होती, रक्त येत राहावं म्हणून. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ही हकिगत छापून आली आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. पोटाची कातडी फासळ्यांपर्यंत सोडवली, की मधून वर येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि ती बाजूंनी येणाऱ्या रक्तावर जगते. सगळ्यात लांब पडते ती खालची मधली कड. जखम बिघडली तर बहुधा तिथेच काळी पडते. त्यात एक अडचण अशी, की लठ्ठपणात मोठ्या झालेल्या रक्तवाहिन्या वजन उतरलं तरी पुरत्या बारीक होत नाहीत, त्यामुळे रक्तस्राव जास्त होतो.

कातडीला रक्त पोचायला हवं, म्हणून तंबाखू बंद. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस सिगारेट, मावा, गुटखा, सगळं बंद हवं. आमच्या बायकांनी एक गोष्ट नीट ऐकावी: मशेरीही तंबाखूच आहे. डॉक्टरांनी विचारल्यावर "मी काही खात नाही" म्हणून ती लपवू नका. तुमच्याच जखमेचा प्रश्न आहे.

दुसरी तयारी ताटातली. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि जठर लहान झालेल्या माणसाला तीच कमी पडतात. रोज ६० ते ८० ग्रॅम हवीत. घट्ट वरणाच्या वाटीत साधारण ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६. जाऊबाईंचं दिवसभराचं खाणं लिहून काढलं तर बेरीज ३८ वर थांबली. दोन घास वरणभातात पोट भरतं आणि लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व यांचीही तूट राहते. रक्त तपासून ती आधी भरायची, छेद नंतर. आमच्या घरी आता आधी पनीर किंवा मटकीची उसळ, मग पोळी, भात शेवटी.

घाई करायची नाही, हा सर्जनांचा आग्रह मला पटला. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यायचे, आणि त्यातले शेवटचे तीन ते सहा महिने वजन एका जागी टिकलेलं हवं. आधी शिवलं आणि मग आणखी दहा किलो उतरलं, तर पुन्हा सैल. वजन चढलं, तर टाक्यांवर ताण. हल्ली इंजेक्शनांनी वजन उतरवणारेही खूप आहेत. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सगळ्यात मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. २०२५ पासून वजनासाठीची ही दोन्ही औषधं आपल्याकडे मिळू लागली. त्यांना नियम तोच, शिवाय भूलतज्ज्ञांना हे औषध सांगायलाच हवं. ते जठर रिकामं व्हायला उशीर लावतं, त्यामुळे उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं.

नंतरचे दिवस सोपे नसतात. कातडीखाली पाणी साचणं ही सगळ्यात नेहमीची कटकट. म्हणून बारीक नळी आणि रबरी फुगा लावून ठेवतात. त्यात जमलेलं गुलाबी पाणी रोज मोजून वहीत लिहायचं, ते चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आलं की बहुधा नळी निघते. काही दिवस वाकून चालावं लागतं. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला पलंगावरून उठू देत नाहीत, पण इथे त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालवतात, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा जिवावरचा धोका आहे. टाके दिसायला सुरेख असले तरी आठवड्यानं जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के बळ असतं, तीन आठवड्यांनी ३० च्या आसपास, तीन महिन्यांनी ८०. त्यापुढे ते जात नाही. व्रण वर्ष-दीड वर्ष लाल राहून मग फिका होतो. काहींचा जाड होतो, आणि आपल्या सावळ्या कातडीत हे जास्त दिसतं. घडीच्या बदल्यात व्रण घ्यायचा हा व्यवहार आहे, आणि तो ज्याचा त्यानं डोळे उघडे ठेवून करायचा.

पैशाचं एकदाच सांगते. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. वैद्यकीय गरज डॉक्टरांनी लिहून दिली असेल, तर मागणी करता येते. म्हणून घडीतल्या पुरळाचे फोटो तारखेसकट काढून ठेवावेत, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या फेकू नयेत. आणि सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, हे विचारायला लाजू नये.

जिनिव्हाच्या सर्जनांनी २०१३ मध्ये असं मांडलं, की जठराच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांनी जास्तीची कातडीही काढून घेतली, त्यांचं उतरलेलं वजन पुढे जास्त चांगलं टिकलं. अर्थात, ज्यांनी ती काढून घेतली ते आधीपासूनच जास्त जपणारे असतील, हेही शक्य आहे. पण त्यामुळे जाऊबाईंच्या मनातली टोचणी थोडी कमी झाली. आपण फार चैनीचं काही मागतोय, असं त्यांना वाटत होतं.

महिन्यापूर्वी सल्ल्याला गेलो, तेव्हा त्यांनी वहीत नऊ प्रश्न लिहून नेले होते. पोट आणि दंड एकाच वेळी कराल का, हा पहिला. सर्जन म्हणाले, भुलेखालचा वेळ वाढतो तसा धोका वाढतो; आधी एक, मग निदान तीन महिन्यांनी दुसरं. "आधी काय करू?" असं त्यांनी उलट विचारलं. मला वाटलं होतं, जाऊबाई दंड म्हणतील. त्या म्हणाल्या, "पोट. उन्हाळ्याआधी ती घडी जाऊ दे. बाही काय, अजून एक नवरात्र आत सरकवून घेईन." मग नववा प्रश्न विचारला: दंडाच्या शस्त्रक्रियेनंतर टाळी वाजवायला हात डोक्यावर कधी नेता येतील? सहा आठवड्यांनी, सावकाश. जाऊबाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली.