मेमरी करप्शनमुळे वेब सर्व्हर क्रॅश होणं

चालू प्रोग्रामने आपली नसलेली, किंवा आता आपली राहिलेली नाही अशी मेमरी लिहून बिघडवली की त्याला मेमरी करप्शन म्हणतात, आणि त्यापायी तो प्रोग्राम पुढे कधीतरी कोसळतो. अपाचे आणि एन्जिनएक्स (वेब सर्व्हर, म्हणजे साइटची पानं पाठवणारे प्रोग्राम), पीएचपी (ती पानं तयार करणारी भाषा) ही सगळी मंडळी सी भाषेत लिहिलेली, आणि सीमध्ये मेमरीचा हिशोब लिहिणाऱ्यानेच ठेवायचा असतो, म्हणून हे दुखणं वेब सर्व्हरला जुनंच आहे. कोकणात ते वर येतं बहुतेक सीझनला. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी नाहीतर डिसेंबरात मालवण-तारकर्लीची होमस्टे बुकिंगं धडाधड येत असतात, आणि एरवी महिनोन्महिने गप्प बसलेला बग नेमका तेव्हाच डोकं वर काढतो, कारण एकाच वेळी खूप रिक्वेस्ट आल्या की मेमरीची देवाणघेवाण पण तेवढीच वाढते.

नेहमी भेटणारे प्रकार तीन. बफर म्हणजे मेमरीतली ठरावीक मापाची जागा, आणि बफर ओव्हरफ्लो म्हणजे आपल्या आगराचा गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या जमिनीत माड लावणं. यूज-आफ्टर-फ्री (सोडून दिलेली मेमरी परत वापरणं) म्हणजे पाहुण्याने चेकआउट केलं, चावी परत दिली, पण डुप्लिकेट चावी खिशातच, आणि दोन दिवसांनी तो सरळ खोलीत शिरला तर आत दुसरीच फॅमिली उतरलेली. डबल फ्री (एकच मेमरी दोनदा सोडणं) म्हणजे रजिस्टरात एकच खोली दोनदा रिकामी झाली असं लिहिलं गेलं आणि मग ती दोन पार्ट्यांना दिली गेली.

या क्रॅशची खरी गोम अशी की प्रोग्राम जिथे पडतो तिथे चूक झालेली नसते. भरतीला देवबागच्या किनाऱ्याला होडीचं फळकूट लागलं म्हणून होडी काय देवबागलाच फुटली असं होत नाही. एका मॉड्यूलने (प्रोग्रामच्या एका भागाने) मेमरी बिघडवलेली असते, तिला हात लागतो दुसऱ्याच मॉड्यूलचा, मिनिटाने किंवा तासाने, आणि नाव जातं त्या दुसऱ्याचं. लिनक्सवरची जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी, मेमरी वाटते ती हीच) मेमरीच्या हिशोबाच्या वहीत गडबड दिसली की 'डबल फ्री ऑर करप्शन' असं ओरडून सिग्नल ६ ने प्रोग्राम बंद करते, पण तिलाही गडबड कळते ती वही पुढच्या वेळी उघडल्यावरच.

अपाचेच्या एरर लॉगमध्ये 'चाइल्ड पीआयडी अमुक एक्झिट सिग्नल सेगमेंटेशन फॉल्ट (११)' अशी ओळ दिसते, म्हणजे भलत्या मेमरीला हात लावला म्हणून अपाचेची अमुक नंबरची पोर-प्रोसेस मारली गेली. साइट मात्र चालू असते, कारण मूळ प्रोसेस मेलेल्या पोराच्या जागी लगेच दुसरं उभं करते, फक्त त्या पोराकडे असलेल्या गिऱ्हाइकाला कोरं पान दिसतं, आणि पुढे एन्जिनएक्स अन् मागे पीएचपी-एफपीएम (पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारा प्रोग्राम) असेल तर ५०२ ही एरर. म्हणून बरेच जण रोज पहाटे रीस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून मोकळे होतात, नाहीतर मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्डचा (एका पोराने किती कनेक्शनं घेऊन निवृत्त व्हायचं त्याचा) आकडा कमी करून ठेवतात. गळक्या कौलाखाली बादली ठेवायची तसलं काम आहे हे, मे महिना निघून जातो पण कौल तसंच.

तपासाला बसल्यावर पहिला प्रश्न, शेवटचं काय बदललं? जुन्या व्हर्जनसाठी बिल्ड केलेलं पीएचपी एक्स्टेन्शन, एकाच प्रोसेसमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या दोन वेगवेगळ्या व्हर्जन लोड होणं, थ्रेड-सेफ नसलेली (एका प्रोसेसमध्ये एकाच वेळी अनेक कामांना सुरक्षित नसलेली) लायब्ररी थ्रेडवाल्या एमपीएमखाली (अपाचेचा रिक्वेस्ट वाटून घेणारा भाग) चालवणं, यातच बरीच प्रकरणं निघतात. मॉड-पीएचपी (अपाचेच्या आतच चालणारं पीएचपी) वापरायचं तर अपाचे प्रीफोर्क या बिनथ्रेडच्या एमपीएमवर ठेवा असं सांगतात ते याच भीतीने.

मग कुठल्या रिक्वेस्टने मारलं ते शोधायचं, आणि इथे हमखास चकवा लागतो. ॲक्सेस लॉगमध्ये ओळ पडते ती रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर, त्यामुळे ज्या रिक्वेस्टने प्रोसेस मारली ती त्या लॉगमध्ये नसतेच! लोक तिथे तासन्‌तास डोळे फोडत बसतात. अपाचेचं मॉड-लॉग-फोरेन्सिक यासाठीच आहे, ते रिक्वेस्ट हातात घेताना अधिकची आणि संपल्यावर वजाची ओळ लिहितं, दोन्हींना एकच आयडी. बंदरावर होडी सुटताना नोंदवली आणि परत आल्याची नोंद नाही, की समजायचं काय ते. वजा नसलेली अधिक ओळ शोधा.

त्यानंतर कोअर डंप, म्हणजे प्रोग्राम मरताना त्याच्या मेमरीची फाइलमध्ये निघालेली प्रत. बहुतेक सर्व्हरवर त्याची मर्यादा शून्य असते, ती यूलिमिट या कमांडने उठवायची, अपाचेला कोअरडंपडिरेक्टरी (या फाइली टाकायचा फोल्डर) द्यायची, आणि त्या फोल्डरमध्ये सर्व्हरच्या युजरला लिहिता येतं ना ते बघायचं. डीबग सिम्बॉल्स (फंक्शनांची नावं वगैरे) टाकून जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस, म्हणजे पडताना प्रोग्राम कुठल्या फंक्शनमधून कुठे गेला होता त्याची यादी, काढायचा. एक नाही, चार-पाच काढा. सगळे एकाच फंक्शनमध्ये पडत असतील तर साधा नल पॉइंटर (कुठेच न नेणारा पत्ता) वगैरे असण्याची शक्यता जास्त, दर वेळी वेगळीच जागा आणि तीही मॅलॉक-फ्रीच्या (मेमरी मागणारी आणि सोडणारी फंक्शनं) आसपास असेल तर हीपच (ही मेमरी जिथून मिळते तो साठा) बिघडलेला आहे असं धरून चालायचं. आणि कोअर फाइल मुंबईच्या भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिच्यात गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पासवर्ड, सर्टिफिकेटची प्रायव्हेट की, काहीही असू शकतं.

मूळ जागा पकडायला व्हॅलग्रिंड (२००२ पासून) किंवा ॲड्रेस सॅनिटायझर, ही प्रोग्राम चालताना त्याच्या मेमरीवर नजर ठेवणारी टूलं. व्हॅलग्रिंड प्रोग्राम दहा ते पन्नास पट हळू करतं, म्हणून कॉपी सर्व्हरवरच चालवायचं. सॅनिटायझर गुगलच्या लोकांनी आणला, जीसीसी या कंपायलरमध्ये २०१३ मध्ये ४.८ व्हर्जनपासून आला, तो साधारण दुप्पट हळू करतो पण सगळं परत कंपाइल करावं लागतं. तो प्रत्येक बफरच्या दोन्ही बाजूंना गडग्यालगत मोकळी पट्टी सोडतो, तिच्यावर पाय पडला की तिथल्या तिथे पकडतो. पण अपाचे आणि एन्जिनएक्स मेमरीचे मोठे पूल घेऊन आतल्या आत वाटतात आणि ते आतलं वाटप या टूलांना दिसत नाही, म्हणून अपाचेची एपीआर लायब्ररी पूल-डीबग लावून बिल्ड केल्याशिवाय निम्मी मेहनत वाया.

कधीकधी सॉफ्टवेअरचा दोषच नसतो. दुकानाच्या काउंटरखाली ठेवलेला पीसी, खारी हवा, पावसाळ्यातली ओल, रॅमचे पाय गंजतात आणि बिट उलटतात. अपाचेबरोबर मायएसक्यूएल, जीझिप असले एकमेकांशी संबंध नसलेले प्रोग्राम पण पडायला लागले तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा. लाईट जाऊन डिस्कवरची फाइल खराब झाली तर ते मात्र वेगळं प्रकरण, त्याला मेमरी करप्शन म्हणत नाहीत.

क्रॅश हा खरं तर नशिबाचा भाग, कारण काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळतं, हल्लेखोर मात्र असाच बग गुपचूप वापरून घेतात. १९८८ च्या मॉरिस वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम) फिंगर सर्व्हरचा (युजरची माहिती देणारा) बफर ओव्हरफ्लो वापरला, २००१ मध्ये कोड रेड या वर्मने मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरचा. २०१४ च्या हार्टब्लीड या बगमध्ये तर लिहिणं नव्हतंच, नुसतं हद्दीबाहेर वाचणं, ओपनएसएसएल एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर देत होतं, काहीच कोसळत नव्हतं. २०१७ चा ऑप्शन्सब्लीड हा अपाचेतला यूज-आफ्टर-फ्री, आणि तो जागा व्हायचा एचटीॲक्सेस (फोल्डरपुरत्या सेटिंगच्या) फाइलमधल्या लिमिट ओळीत सर्व्हरला माहीत नसलेली मेथड (रिक्वेस्टचा प्रकार) लिहिली की. म्हणजे एखाद्याच्या टायपोनेसुद्धा.